पठारावर उन्हाळा आधी उतरतो

भारतात उन्हाळा कुठून सुरू होतो असं विचारलं, तर बहुतेक जण राजस्थानचं नाव घेतील. मे महिन्यापुरतं ते बरोबर आहे. मार्चमध्ये मात्र देशातला सर्वांत तापलेला भाग असतो दख्खनचं पठार. त्या महिन्यात पठारावरचा पारा 38 अंशांच्या घरात जातो. मग सूर्याच्या मागोमाग उष्णतेचा हा गाभा उत्तरेला सरकतो. एप्रिलमध्ये तो गुजरात आणि मध्य प्रदेशात असतो, मे महिन्यात वायव्येच्या वाळवंटात. म्हणजे देशाच्या उन्हाळ्याची पहिली भट्टी नागपूर, नांदेड, सोलापूर, कलबुर्गी, हैदराबाद याच पट्ट्यात पेटते. शाळेच्या भूगोलात हे एका ओळीत येतं आणि आपण ते विसरूनही जातो. या प्रकरणात सांगायचं आहे ते त्या ओळीविषयी, आणि ही भट्टी अलीकडे फेब्रुवारीतच का धगधगू लागली आहे त्याविषयी.

त्यासाठी हैदराबाद हे चांगलं उदाहरण आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 540 मीटर उंचीचं हे शहर. मूसी नदीच्या काठाकडे उतार असल्यामुळे काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार हा जुना भाग त्यामानाने थोडा खाली बसलेला. इथल्या मराठी घरांमध्ये एक समजूत अजूनही ऐकायला मिळते, की आपण उंचावर आहोत, मुंबईचा घामट उकाडा इथे नाही, संध्याकाळी वारा सुटला की बरं वाटतं. तीत तथ्य आहे, पण अर्धंच. उंची आपल्याला नेमकं काय देते आणि काय देत नाही, हे त्या उरलेल्या अर्ध्या भागावरून कळतं.

आधी सूर्याचा हिशेब करू. हैदराबाद 17.4 उत्तर अक्षांशावर आहे. बरकतपुऱ्यातली एखादी तीन मजली, साधारण दहा मीटर उंचीची इमारत घ्या. 22 डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी तिची सावली उत्तरेला सुमारे साडेआठ मीटर पडते, म्हणजे समोरची गल्ली जवळजवळ झाकून टाकते. फेब्रुवारीच्या मध्यावर ती पावणेसहा मीटरवर येते. मार्चच्या मध्यावर साडेतीन मीटर. एप्रिलच्या मध्यावर सव्वा मीटरच्या आसपास, आणि 9 मेच्या दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर आल्याने सावली पायाखाली जाते. सूर्याची उत्तरेकडची चाल संपातदिनाच्या आसपास सर्वांत वेगवान असते, दिवसाला जवळजवळ 0.4 अंश. त्यामुळे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशातून येणारी ऊर्जा आठवड्या-आठवड्याला वाढते. त्या काळात आकाश निरभ्र असतं आणि हवेत बाष्पही थोडं असतं. पठाराला उन्हाळा लवकर लागतो याचं पहिलं कारण हे.

मग उंचीचं काय? हवेत वर जावं तसं तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी घटतं. या हिशेबाने 540 मीटरवरचं हैदराबाद समुद्रकाठापेक्षा साडेतीन अंशांनी थंड असायला हवं. पण आकडे उलटंच सांगतात. मार्चमध्ये मुंबईत कुलाब्याचं सरासरी कमाल तापमान 31-32 अंशांच्या आसपास राहतं, हैदराबादचं 35-36. उंचीने दिलेलं सगळं समुद्राच्या अंतराने काढून घेतलं आणि वर चार अंश चढवलेही.

याचं कारण असं की साडेसहा अंशांचा तो नियम मोकळ्या हवेचा आहे. डोंगराचं एखादं टोक मोकळ्या हवेत घुसलेलं असतं, त्याच्या चारही बाजूंनी थंड हवा वाहत असते; म्हणून महाबळेश्वर थंड राहतं. पठाराचं तसं नाही. पठार म्हणजे शेकडो किलोमीटर पसरलेली, वर उचललेली जमीन. ती स्वतः तापते आणि आपल्या अंगावरच्या हवेला खालून तापवते. मार्च-एप्रिलच्या दुपारी पठारावरची तापलेली, घुसळलेली हवा दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत चढते. एवढ्या जाड थराच्या तळाशी बसलेल्या माणसाला तळ समुद्रसपाटीवर आहे की अर्धा किलोमीटर वर, याने फारसा फरक पडत नाही.

त्यात जर प्रतिचक्रवात ठाण मांडून बसला तर परिस्थिती आणखी बिघडते. प्रतिचक्रवातात वरची हवा हळूहळू खाली बसते. खाली येताना तिच्यावरचा दाब वाढतो आणि ती दाबली गेल्यामुळे तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक गरम होतं तशी. कोरडी हवा एक किलोमीटर खाली उतरली की सुमारे दहा अंशांनी तापते. शिवाय खाली बसणारी हवा ढगांना वर येऊच देत नाही. आकाश स्वच्छ, वारा मंद, ऊन कडक, असे पाच-सहा दिवस लागोपाठ आले की फेब्रुवारीतसुद्धा पारा सरासरीच्या चार-पाच अंश वर जाऊन बसतो.

हे सगळं वरून घडतं. खालून घडणारी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात माणसाचा हात पोहोचतो. ती गोष्ट म्हणजे जमिनीतला ओलावा.

एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 24 लाख ज्यूल उष्णता लागते. हा आकडा घरात आणून पाहू. हजार चौरस फुटांचा, दहा फूट उंचीचा फ्लॅट बंद केला, तर त्यातली सगळी हवा सुमारे आठ अंशांनी तापवायला एवढीच उष्णता पुरते. म्हणजे अंगणातल्या मातीतून, झाडांच्या पानांतून, तळ्याच्या पृष्ठभागावरून उडून जाणारा प्रत्येक लिटर एका फ्लॅटची आठ अंशांची उष्णता गिळून जातो. माती ओली असेपर्यंत उन्हाची बरीचशी ताकद पाणी उडवण्यात खर्च होते. माती कोरडी झाली की तीच ताकद जमीन आणि हवा तापवण्याकडे वळते. त्यामुळे फेब्रुवारी किती तापेल याचा निम्मा निर्णय आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच लागलेला असतो. परतीचा पाऊस नीट झाला, विहिरींना आणि तळ्यांना पाणी टिकलं, तर पठार जरा सावकाश तापतं. पाऊस आधीच निघून गेला, तर संक्रांतीनंतर जमीन भेगाळायला लागते आणि उन्हाळा महिनाभर आधी येऊन ठेपतो.

पठाराच्या नशिबात या दिवसांत पावसाचा एक आधार असतो. विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटकचा आतला भाग आणि पुढे तमिळनाडूपर्यंत वाऱ्यांच्या खंडिततेची एक लांबलचक रेषा तयार होते. बंगालच्या उपसागरावरचे दमट वारे आणि पश्चिमेकडचे कोरडे वारे या रेषेवर भिडतात. वळिवाच्या सरी, विजा, गारा या सगळ्याचा उगम बहुधा तिथे असतो. ही रेषा फार जोरात असली तर 2014 च्या फेब्रुवारी-मार्चसारखं होतं. त्या वर्षी मराठवाडा-विदर्भात गारपिटीने उभी ज्वारी, गहू आणि द्राक्षबागा झोपवल्या. आणि ती कमजोर असली, किंवा उपसागराकडून दमट वारे आलेच नाहीत, तर थेंबही पडत नाही. वळिवाने नुकसान होतं म्हणून आपण त्याला शिव्या देतो. पण तो अजिबात आला नाही तर काय होतं, तेही पाहायला हवं.

2022 चा मार्च तसा होता. देशाचं सरासरी कमाल तापमान त्या महिन्यात 33.10 अंश नोंदलं गेलं, 1901 पासूनच्या नोंदींमधलं सर्वांत जास्त. देशभरात मार्चमध्ये सरासरी 30.4 मिलिमीटर पाऊस पडतो. त्या वर्षी 8.9 मिलिमीटर पडला. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाळी प्रणाली, कोरडे गेले आणि दक्षिणेत पाऊस देणारी एकही मोठी प्रणाली तयार झाली नाही. दाणा भरण्याच्या वेळी उष्णता आल्याने गव्हाचं उत्पादन घटलं आणि 13 मे 2022 रोजी केंद्र सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीने विक्रम मोडला: सरासरी कमाल तापमान 29.54 अंश, 1901 पासूनचं सर्वोच्च. 2025 च्या फेब्रुवारीत कमाल-किमान मिळून काढलेलं सरासरी तापमान 22.04 अंशांवर गेलं, तोही नवा उच्चांक. चार वर्षांच्या आत असे तीन विक्रम, आणि तिन्ही मोसमाच्या सुरुवातीचे.

उंचावरच्या इतर ठिकाणांचीही तीच कथा आहे. 2024 च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार बर्फाविना उघडे पडले होते. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस सव्वादोन हजार मीटरवरच्या उटीत 29 अंश नोंदले गेले. 920 मीटर उंचीच्या बंगळूरुला, जिथे एप्रिलमधल्या सरी म्हणजे हक्काचा पाऊस, शहराच्या वेधशाळेत त्या संपूर्ण एप्रिलमध्ये पाऊस पडला नाही. पाण्यासाठी टँकरच्या रांगा तर मार्चपासूनच लागल्या होत्या. उंची म्हणजे अभय नाही, हे एवढ्या ठिकाणांहून एकाच वेळी कळलं.

पठारावर कोरड्या आरंभाचं सर्वांत बोलकं वर्ष मात्र 2016 होतं, आणि त्याची गोष्ट एका नदीची आहे.

मांजरा नदी बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते. लातूरला पाणी देते, बीदरच्या बाजूने तेलंगणात शिरते, सिंगूरच्या धरणात अडते, पुढे मंजिरा बंधाऱ्यातून हैदराबादच्या नळांना येते, निजामसागर भरते आणि कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. लातूरचा माणूस आणि बरकतपुऱ्याचा माणूस वर्षानुवर्षं एकाच नदीचं पाणी पीत आला आहे. त्यांच्यातल्या फार थोड्यांना हे ठाऊक असतं. 2014 साली देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या 12 टक्के कमी झाला, 2015 साली 14 टक्के. दोन वर्षं नदीला नीट पूर आलाच नाही. 2016 चा उन्हाळा लागला तेव्हा मांजरा धरण रिकामं होतं. 12 एप्रिलला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. ती छायाचित्रं देशभर छापून आली. त्याच नदीवर खाली सिंगूर आणि मंजिरा कोरडे पडले होते. 1908 च्या मूसीच्या महापुरानंतर बांधलेले हैदराबादचे जलाशय, उस्मानसागर आणि हिमायतसागर, हेही आटले होते. हैदराबादला रेल्वेने पाणी आणावं लागलं नाही, कारण तोवर कृष्णेचं आणि गोदावरीचं पाणी शंभराहून जास्त किलोमीटरवरून पंपांनी चढवून आणण्याची सोय झालेली होती. पठार उंच आहे, म्हणून पाणी चढवावं लागतं, आणि त्या विजेची किंमत रोज मोजावी लागते. लातूरकरांकडे ती सोय नव्हती. फरक नशिबाचा नव्हता, पंपांचा आणि पैशांचा होता.

आता शरीराकडे वळू. उष्णतेच्या बाबतीत तारीख अंशांइतकीच महत्त्वाची असते. माणसाचं शरीर उन्हाळ्याला सरावतं, पण त्याला एक-दोन आठवडे लागतात. सरावलेल्या शरीराला घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं, हृदयावरचा ताण उतरतो. मे महिन्यातल्या 40 अंशांना आपण सरावलेल्या शरीराने सामोरे जातो. फेब्रुवारीतले 37-38 अंश मात्र थंडीच्या शरीरावर येऊन आदळतात. इमारतीच्या बांधकामावर काम करणारे, हातगाडीवाले, रस्त्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या बाया यांना त्याचा पहिला तडाखा बसतो. तेलंगणात शाळा साधारण 15 मार्चपासून अर्ध्या दिवसाच्या होतात; चौकाचौकांत पाणपोया बसायला मार्चचा शेवट उजाडतो. हे वेळापत्रक जुन्या उन्हाळ्याचं आहे.

कोरड्या उष्णतेची आणखी एक फसवणूक आहे. 38 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याचं तापमान, म्हणजे पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जिथवर थंड होऊ शकते ते, सुमारे 21 अंश येतं. मुंबईतल्या 34 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेला तेच 29 अंशांवर जातं. म्हणून हैदराबादेत वाळ्याचा कूलर छान चालतो आणि मुंबईत नुसता दमटपणा वाढवतो. पण याच कोरडेपणामुळे घाम दिसत नाही. तो त्वचेवर येताच उडून जातो. कपडा कोरडा राहतो, माणसाला वाटतं आपल्याला घाम आलाच नाही, आणि संध्याकाळपर्यंत शरीरातलं पाणी उतरलेलं असतं. डोकं धरतं, लघवी गडद होते, पायात गोळे येतात. तहान लागायची वाट न पाहता ताक, पन्हं किंवा इथली ज्वारी-नाचणीची आंबील पीत राहणं हा या हवेतला शहाणपणा आहे.

पठाराने आपल्याला दिलेली खरी मिळकत रात्रीची आहे. फेब्रुवारीत हैदराबादचं सरासरी कमाल तापमान 32 च्या आसपास आणि किमान 18 च्या आसपास असतं. चौदा अंशांचा हा उतार कोरड्या, स्वच्छ आकाशामुळे मिळतो. जमीन रात्री आपली उष्णता सरळ आकाशात सोडून देते. दिवसभर पोळलेलं शरीर पहाटेपर्यंत सावरतं. ही मिळकत आता आपणच खर्चून टाकत आहोत. बरकतपुऱ्यात चमनच्या आसपासच्या गल्ल्यांतून रात्री दहाला चाललं तर ते कळतं. जिथे अंगणवाले बंगले होते तिथे आता चार-पाच मजली अपार्टमेंट आहेत. चार-पाच इंचांच्या सिमेंटच्या स्लॅबमधून दुपारची उष्णता खाली उतरायला काही तास लागतात, म्हणून वरच्या मजल्यावरच्या खोलीचं छत संध्याकाळी आणि रात्रीच सर्वांत जास्त उष्णता सोडतं. भिंती अरुंद गल्लीत एकमेकींकडे उष्णता फेकतात, तिला आकाश दिसतच नाही. वर एसीची बाहेरची यंत्रं गल्लीतच गरम वारा सोडतात. मराठवाड्यातून इथे आलेल्या कुटुंबांच्या जुन्या घरांना हात-दीड हात जाडीचं मातीचं माळवद असायचं; ऊन त्यातून खाली पोहोचेपर्यंत रात्र सरायला आलेली असे. तो वारसा शहरात टिकला नाही.

यावर फार खर्चिक उपाय लागत नाहीत. तेलंगण सरकारने एप्रिल 2023 मध्ये थंड छपरांचं धोरण जाहीर केलं, असं राज्यव्यापी धोरण आणणाऱ्या पहिल्या राज्यांपैकी ते एक. छताला पांढरा परावर्तक रंग दिला की ऊन परत फेकलं जातं आणि आतली खोली दोन-तीन अंशांनी तरी उतरते. रंग नसेल तर चुन्याचे दोन हातही बरंच काम करतात. 2025 मध्ये या राज्याने उष्णतेच्या लाटेला राज्यापुरती आपत्ती ठरवून मृतांच्या वारसांना चार लाख रुपयांची मदत देण्याचा निर्णय घेतला. 2015 च्या मे महिन्यात आंध्र आणि तेलंगण मिळून दोन हजारांहून अधिक माणसं उष्णतेने दगावली होती. त्या पार्श्वभूमीवर हे पाऊल उशिरा पडलं, पण योग्य दिशेने पडलं.

तरीही एक मोठी उणीव उरते, आणि ती मोजमापातच आहे. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 अंश, किनाऱ्यावर 37 आणि डोंगराळ भागात 30 अंश झाल्याशिवाय उष्णतेची लाट विचारातच घेतली जात नाही. त्यानंतर ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त आहे का हे पाहिलं जातं. किनारा वेगळा, डोंगर वेगळा. पठार मात्र मैदानात धरलेलं. 2025 च्या फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मुंबई आणि कोकणासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा निघाला, कारण तिथला उंबरठा 37 चा होता. त्याच दिवसांत हैदराबादमधल्या बेगमपेठच्या वेधशाळेत 38 अंश नोंदले गेले असते, सरासरीपेक्षा पाच अंश जास्त, तरी हैदराबादला तो शब्द लागू झाला नसता. आणि इशारा नाही म्हणजे कामाच्या वेळा बदलत नाहीत, पाणपोया बसत नाहीत, दवाखान्यांना सूचना जात नाहीत. पठाराला त्याच्या उंचीप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे स्वतंत्र उंबरठा हवा, आणि त्यात रात्रीचं किमान तापमानही धरायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तो बदल होईल तेव्हा होईल. तोपर्यंत पठारावर राहणाऱ्या प्रत्येकाने, मग तो बरकतपुऱ्यात असो की लातूर-बीदरला, फेब्रुवारीच्या मध्यापासून बातम्यांतल्या दोन्ही आकड्यांकडे लक्ष द्यावं. कमाल तापमान सरासरीच्या चार अंश वर गेलं आणि रात्रही उतरत नसेल, तर इशाऱ्याची वाट पाहू नका. गच्चीला चुना द्या, दारात पाण्याचा माठ ठेवा, घरी कामाला येणाऱ्या बाईला आणि इमारतीच्या वॉचमनला दुपारी बारा ते चार उन्हात पाठवू नका. हे सगळं मार्च लागण्याआधी करा.